भाऊंचं खुनाचं कपाट

"खून चालेल का?"

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकायची, चष्म्याच्या वरून समोरच्याकडे बघायचं आणि 'चहा चालेल का' विचारावं इतक्या मऊ आवाजात भाऊ हा प्रश्न विचारायचे. नवा सभासद दचकायचा. एक-दोघांनी तर मागे वळून जिन्याकडे पाहिलेलं मला आठवतं. मग भाऊच समजूत घालायचे, "पुस्तकातला हो. पहिल्या वीस पानांत होऊन जातो, पुढं काही त्रास नाही."

रहिमतपूरच्या अलीकडचं आमचं गाव. बाजारपेठेत खाली भांड्यांचं दुकान आणि वर वाचनालय. भाऊ तिथले ग्रंथपाल. कारकून तेच, शिपाई तेच, आणि सकाळी केरसुणी हातात असायची तीही त्यांच्याच. मी हायस्कुलात शास्त्र शिकवायचो. अक्षर बरं आहे एवढ्या एका गुन्ह्यासाठी गावाने मला वाचनालयाच्या समितीचा चिटणीस केलं होतं. त्यामुळे बहात्तरच्या दुष्काळानंतरची पाच-सहा वर्षं मी भाऊंना जवळजवळ रोज पाहिलं.

बघून कुणाला खरं वाटलं नसतं. चण लहान, अंगात पांढरा लेंगा आणि वर बटणं गळ्यापर्यंत लावलेला सदरा. काही माणसं अशी असतात ना, की ज्यांच्या हातून जन्मात फार तर शाईची दौत सांडली असेल असं वाटतं, तसले. मटणाच्या दुकानावरून जायला नको म्हणून ते घरी जाताना अख्ख्या पेठेला वळसा घालायचे. वाचनालयात एकदा उंदीर झाला. समितीने पिंजरा आणून दिला. उंदीर सापडला की भाऊ पिंजरा फडक्याखाली झाकून ओढ्यापर्यंत नेत, तिथे दार उघडत आणि परत येत. दुसऱ्या दिवशी उंदीरही परत येई. "तोच आहे," भाऊ मला म्हणाले. "कानावरून ओळखतो मी त्याला."

आणि हा माणूस वाचायचा फक्त खून. दुसरं काही नाही.

काउंटरच्या मागे एक उंच लाकडी कपाट होतं. त्याला गावात 'खुनाचं कपाट' म्हणत. सगळ्यात वरचा कप्पा विषाचा. त्याखाली सुरा. त्याखाली पिस्तूल. तळाशी 'इतर'. इतरमध्ये गळा दाबणं, कड्यावरून ढकलणं, तोंडावर उशी धरणं आणि एक नाग. जिल्ह्याहून एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी पुस्तकं नीट लावलेली पाहून खूश होत विचारलं, "वर्गीकरण कोणत्या पद्धतीचं ठेवलंय?"

"हत्यारवार, साहेब," भाऊ म्हणाले.

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. पुढे वरून त्याबद्दल काही विचारणा आली नाही.

कुणाला कोणता खून द्यायचा याचा भाऊंचा अभ्यास होता. दवाखान्यातल्या कंपाउंडरला ते विषाचं पुस्तक चुकूनही देत नसत. "त्याला औषधातल्या चुका दिसतात. पुस्तक परत करायला येतो आणि अर्धा तास मात्रा सांगत बसतो." नव्या सुनेसाठी कुणी पुस्तक न्यायला आलं की ते आधी आतली पानं चाळून घ्यायचे. "ह्यात सासू मरते. आत्ताच नको. वर्षभराने न्या." पित्ताचा त्रास असलेल्यांना पिस्तुलातलं द्यायचे, कारण त्यात लवकर उरकतं.

आमच्या समितीचे अध्यक्ष हे निवृत्त हेडमास्तर. असल्या पुस्तकांनी समाज बिघडतो असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते दर बैठकीत मांडत. दर आठवड्याला एखादा जाडजूड धार्मिक ग्रंथ घरी नेत आणि त्याच्या पोटात 'घरच्यांसाठी' म्हणून एक खून.

एकदा वाचनालयावर मोठंच संकट आलं. कुणीतरी खुनाच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायला लागलं. वाचक खवळले. भाऊंनी जेवण टाकलं. तीन महिन्यांची नोंदवही काढली, कोणतं पुस्तक कोणाकोणाकडे गेलं ते ताडून पाहिलं, पेन्सिलीच्या अक्षरातला 'ख' भिंगाखाली धरला आणि चौथ्या दिवशी गुन्हेगार हुडकला. अध्यक्ष!

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण भाऊंनी ब्र काढला नाही. पुढच्या वेळी अध्यक्षांच्या हातात पुस्तक देताना एवढंच म्हणाले, "ह्यात तीन खुनी आहेत. पहिल्या पानावर मावत नाहीत."

पेन्सिल त्या दिवसापासून थांबली.

कपाटाशिवाय भाऊंचा आणखी एक जिव्हाळ्याचा उद्योग होता. वर्तमानपत्रात खऱ्या खुनाची बातमी आली की ती कापायची आणि खळ लावून फायलीत डकवायची. अशा तीन फायली होत्या. पुठ्ठ्यावर लाल शाईने एकच शब्द लिहिलेला, 'खरे'. त्या ते सगळ्यांना देत नसत. जुन्या, मुरलेल्या वाचकाला बाकावर बसवून दाखवत. "घरी न्यायच्या नाहीत. आणि रात्री आठवू नका."

दुसऱ्या फायलीत आपल्याच तालुक्यातला एक खून होता. बांधावरून चुलतभावाला मारल्याचा. तो दाखवताना भाऊंचा आवाज थोडा वर चढायचा. गावात पाहुणा आला तर लोक त्याला देवळाबरोबर तोही दाखवायला आणत. ते पान हाताळून हाताळून कडेने पार मऊ पडलं होतं.

अशात एका बाजाराच्या दिवशी दुपारी मी तिथे बसून मागच्या बैठकीचं टिपण लिहीत होतो. जिन्यावरून एक गडी वर आला. पन्नाशीचा, रापलेला, डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल. दाराशी त्याने वहाणा काढल्या. आमच्याकडे वहाणा कुणी काढत नसे, म्हणून माझं लक्ष गेलं.

"नाव लावायचं हुतं," तो म्हणाला. "ज्ञानबा."

भाऊंना आनंद झाला. खेड्यातला माणूस आपण होऊन सभासद व्हायला येतो म्हणजे काय! त्यांनी कोपरं टेकली. "वाचता येतं ना?"

"येतंय की. शिकलो."

"वा! मग, खून चालेल का?"

ज्ञानबाने टॉवेलाने मान पुसली. मग खाली बघत म्हणाला, "आवं, एक केलाय."

भाऊ मजेत होते. त्यांचा कान पुस्तकात होता, माणसात नव्हता. त्यांनी नेहमीप्रमाणे कपाटाकडे वळत विचारलं, "कशानं?"

"खोऱ्याच्या दांड्यानं."

"म्हणजे इतर," भाऊ म्हणाले आणि तळाच्या कप्प्याकडे वाकले.

वाकले ते तसेच राहिले. मी बघत होतो. त्यांची मान हळूहळू वळली. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

"चौदा वर्सं काढली," ज्ञानबा सांगत होता. "गेल्या म्हैन्यात सुटलो. तितंच अक्षर शिकलो. आता घरी आलो तर वाचाया काय न्हाई, आनि सवय मोडंना."

भाऊ उठून स्टुलावर बसले. तांब्यातलं पाणी प्यायले. मग त्यांनी सभासदाचा फॉर्म काढून पुढे केला आणि त्यावर कुठे काय भरायचं ते बोटाने दाखवलं. ते बोट सारखं दुसऱ्याच ओळीवर जात होतं. फॉर्मवर खाली दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागत. 'अर्जदार सद्वर्तनी असल्याचे आम्हांस माहीत आहे' असं त्यावर छापलेलं.

ज्ञानबाने फॉर्म घडी करून खिशात ठेवला. जाता जाता दारातून म्हणाला, "आनि तुमच्या कसल्या फायलीत माझं हाय म्हनत्यात. येष्टीत मानसं बोलत हुती. त्ये बी येकदा बघायचं हाय."

तो गेला. भाऊंनी दुसरी फाईल काढली आणि ते मऊ पान उघडलं. नाव तेच होतं.

"सर," ते मला म्हणाले, "इतकी वर्षं मी ह्या माणसाला पाहुण्यारावळ्यांना दाखवत बसलोय."

दुसऱ्या दिवशी ज्ञानबाने फॉर्म भरून आणला. सह्यांच्या जागा रिकाम्या. भाऊंनी तो माझ्यापुढे ठेवला.

खरं सांगतो, माझी छाती झाली नाही. हायस्कुलातली नोकरी, संस्थेतली माणसं, पोरांचे आईबाप, सगळे एकदम डोळ्यांपुढे उभे राहिले. मी म्हणालो, "बघू."

संध्याकाळी मी नवं पुस्तक मागितलं. ते म्हणाले, "बघू." दुसऱ्या दिवशी मासिक मागितलं. "बघू." तिसऱ्या दिवशी मी बसायला खुर्ची ओढली तर तीवर त्यांनी जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली होती.

तेवढ्यात सुभेदार आले. फौजेतून निवृत्त झालेले, उसाची शेती असलेले, पिस्तुलाच्या कप्प्याचे कायमचे गिऱ्हाईक. त्यांनी काउंटरवरचा फॉर्म उचलून वाचला आणि सगळा प्रकार विचारून घेतला.

"एकच मारला न्हवं?" ते म्हणाले. "मी किती मारली त्ये मला बी ठावं न्हाई. मला मेडल दिलं, त्याला चौदा वर्सं. आना पेन हिकडं."

त्यांनी सही केली ती फॉर्मच्या बाहेर गेली. मग त्यांनी पेन माझ्याकडे धरलं आणि तसंच धरून ठेवलं. 'ॲटेन्शन'मध्ये उभ्या असलेल्या माणसापुढे 'बघू' म्हणता येत नाही. मी सही केली. भाऊंनी मुकाट्याने माझ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली.

पण समितीची बैठक व्हायची होती. अध्यक्षांनी फॉर्म दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. "हे आपलं वाचनालय आहे की तुरुंग? आधीच त्याने एक केलाय. आता असली पुस्तकं वाचून तो आणखी शिकेल!"

ग्रंथपालाने बैठकीत दाराशी बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा शिरस्ता होता. भाऊ उठून उभे राहिले. मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहत होतो.

"अध्यक्षसाहेब, त्यांनी केला तेव्हा त्यांना 'अ' सुद्धा येत नव्हता. मी तीस वर्षं हेच वाचतोय. सुभेदारसाहेब वाचतात. तुमच्या घरचेही वाचतात. आपल्यातल्या कुणी वाचून केलाय का?"

कुणीतरी खोकलं. अध्यक्ष लाल झाले. "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," भाऊ म्हणाले. "तशी नोंद करा. काही झालं तर मी दुसऱ्या दिवसापासून येणार नाही."

भाऊंच्या घरात तीन मुली, आणि ही एकच नोकरी. मी त्यांच्याजवळ सरकून हळूच म्हणालो, "भाऊ, ते पेन्सिलीचं प्रकरण काढा की. एका मिनिटात गप्प बसतील."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कुणाचा तरी गळा दाबायला निघालो होतो. "वाचक काय वाचतो आणि काय लिहितो ते बाहेर काढायचं नसतं, सर."

हात वर झाले. चार विरुद्ध तीन. चौथा हात माझा होता, हे मी अजून थोड्या फुशारकीने सांगतो.

सभासद झाल्यावर ज्ञानबाने पहिल्यांदा फाईलच मागितली. त्या सकाळी ते पान काढून टाकावं म्हणून भाऊ कात्री घेऊन बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, "फाडलं तर लपवल्यासारखं होईल. ठेवलं तर... काय करावं?" कात्री शेवटी खणात गेली.

ज्ञानबा बाकावर बसून वाचायला लागला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. एवढीशी बातमी, त्याला अर्धा तास लागला. भाऊ समोर हात मागे बांधून उभे होते, तोंडी परीक्षेला उभं राहिलेल्या पोरासारखे.

"'क्रूरकर्मा' म्हंजी काय वो?" ज्ञानबाने मान वर न करता विचारलं.

"ते... पेपरवाले लिहितात तसं."

"आनि 'जुने वैमनस्य' म्हनलंय. तसलं काय न्हवतं. सकाळी एका ताटात जेवलो हुतो आमी." बोट खाली सरकलं. "माझं नाव बराबर छापलंय. त्याचं चुकलंय. हितं यशवंत म्हनलंय. त्याचं नाव जयवंत. मरून गेल्यालं मानूस, त्याचं तरी नीट छापायचं."

भाऊंनी टाक घेतला. छापील नावावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'जयवंत' लिहिलं. मग टाक तसाच धरून विचारलं, "आणखी काही राहिलंय?"

ज्ञानबाचं बोट शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर गेलं. "त्याला दोन लेकी हुत्या. त्ये लिवलं न्हाई कुनी."

भाऊंनी तेही लिहिलं.

तिन्ही फायली त्याच दिवशी कपाटाच्या माथ्यावर गेल्या. कुणी मागितल्या की भाऊ सांगत, वाळवी लागलीय. इतका सरळ माणूस, पण हे खोटं ते न अडखळता बोलत.

पुढचं सगळं मजेचं झालं. ज्ञानबाने खुनाचं कपाट वरच्या कप्प्यापासून वाचायला घेतलं. दर बाजारी एक पुस्तक परत करायचा आणि भाऊंना निकाल सांगायचा.

"ह्यो मानूस खून करून घरी जातोय आनि पोटभर जेवतोय. भाऊ, चार दिस पानी उतरत न्हाई घशाखाली. कोन लिवतंय ह्ये?"

"ह्यानं रगात रुमालानं पुसलं म्हनं. रुमालानं! धोतर लागतंय धोतर."

"ह्यो गुप्तहेर हुशार हाय. पर सारखा बोलतोय. आमचा फौजदार येक शबूद बोलला न्हाई. नुस्ता बघत बसला. मीच समदं सांगून टाकलं."

भाऊ हे चिठ्ठ्यांवर लिहून पुस्तकात ठेवू लागले. नाव नाही, नुसतं 'एका जाणकार वाचकाचे मत'. पण गावात काय लपतं! लोक पुस्तक घेण्याआधी चिठ्ठी बघू लागले. चिठ्ठीत 'खोटे' असेल तर पुस्तक कुणी हातात धरेना. 'बरे' असेल तर त्यासाठी चौघं थांबलेले. कंपाउंडर तर ज्ञानबाला गाठून मात्रांविषयी मत विचारू लागला. एकदा अध्यक्ष आले, धार्मिक ग्रंथ काउंटरवर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि भाऊंना हळूच म्हणाले, "ते तुमचे गृहस्थ... त्यांनी ह्या नव्या पुस्तकाबद्दल काय सांगितलंय? घरी विचारत होते."

भाऊंच्या आवडीनिवडीतही फरक पडला. ज्या गोष्टीत मेलेल्या माणसाच्या घरी कुणीतरी जाऊन बसतं, त्याच्या बायकोशी बोलतं, ती पुस्तकं ते हुडकू लागले. सगळ्या कपाटात मिळून दोन निघाली. ती त्यांनी काउंटरच्या खणात ठेवली आणि फार निवडून द्यायला लागले.

पुढे मला सांगलीच्या कॉलेजात नोकरी मिळाली आणि मी विश्रामबागला बिऱ्हाड केलं. गावाकडे जाणं कमी झालं. भाऊंची पत्रं यायची, त्यांतली अक्षरं महिन्यागणिक मोठी होत गेली. मग पत्रं थांबली. डोळे गेले आणि त्यांनी वाचनालय सोडलं, असं सुभेदारांकडून कळलं.

भाऊ जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांचे डोळे गेल्यानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत, त्यांच्या घरी. दुपारची वेळ होती. वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "या, पण आवाज करू नका. आत खून चाललाय."

भाऊ खाटेवर उशीला टेकून बसले होते. डोळे मिटलेले. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खाली पाटावर ज्ञानबा, मांडीवर पुस्तक, ओळीवर बोट. आता तो बऱ्यापैकी सलग वाचत होता, फक्त कवितेसारखा सूर लावायचा.

"'जिन्यावर पाऊल वाजले. दिवाणजींनी मान वर केली. दार हळूच उघडले आणि...'"

ज्ञानबा थांबला. बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. घसा खाकरला.

"'सकाळी आठ वाजता फौजदार हजर झाले.'"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांची मुद्रा जशीच्या तशी. "बरं," ते म्हणाले. "पुढं?"

थोड्या वेळाने ज्ञानबा पाणी प्यायला मागच्या दारी गेला. मी खाटेवर टेकलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "भाऊ, मधली दोन पानं—"

भाऊंनी हात वर केला. "दर पुस्तकात गाळतात. मला काय कळत नाही? हे सगळं कपाट मला पाठ आहे."

"मग सांगत का नाही?"

"रोज डोंगराकडून चार मैल चालत येतात ते, सर. आणि वाचायला मी लावतो खून." त्यांनी मागच्या दाराकडे कान दिला. "तेवढं पान त्यांचं त्यांनी वाचलं नाही तर काय बिघडलं?"

ज्ञानबा टॉवेलाला हात पुसत परत आला. मला नमस्कार केला, पाटावर बसला आणि आपली ओळ शोधू लागला. ती त्याला लवकर सापडेना.

"सावकाश," भाऊ डोळे मिटूनच म्हणाले. "फौजदार आत्ताच आलेत. त्यांना जरा बसू द्या."